भुकटीचा भडका

लग्न होऊन लोणावळ्याला आले तेव्हा मला कोळशाची चूल पेटवता येत नव्हती. माझं माहेर वडगावचं. वडील कचेरीत शिपाई होते, मला त्यांनी चार इयत्ता शिकवलं होतं. घरी जळण म्हणजे शेण्या आणि लाकूड. सासरी मात्र सगळा कारभार कोळशावर. आमचे हे रेल्वेच्या इंजनशेडात कोळसा भरायच्या कामावर होते. शेडात झाडून राहिलेला चुरा कामगारांना घरी न्यायची मुभा होती. तो चुरा माती आणि शेण घालून कालवायचा, गोळे वळायचे, उन्हात वाळवायचे आणि पावसाळाभर जाळायचे. लोणावळ्याच्या पावसात लाकूड ओलं, शेण्या ओल्या, अंगावरचं लुगडंसुद्धा ओलं. घरात कोरडं जळण नसेल तर उपाशी झोपायची पाळी.

पण हे गोळे पेटवताना जीव नकोसा व्हायचा. खाली काटक्या, वर रॉकेलचा बोळा, आणि फुंकणीनं फुंकता फुंकता डोळ्यांना धारा. माझी थोरली जाऊ बाजूला बसून हसायची.

"आगं, कोळसा लय सोशिक असतो," ती म्हणायची. "त्याला राग यायला वेळ लागतो. तू आपली फुंकत ऱ्हा."

जाऊ अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. रुळांच्या पलीकडून तिनं हाक मारली तर शेडात ऐकू जायची. तिला मूलबाळ नव्हतं आणि तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, वर्षातून एकदा गौरी-गणपतीत घरी यायचे. स्टेशनाच्या मागे कौलारू दोन खोल्यांत आम्ही तिघंच राहायचो. ह्यांच्या वडिलांची भाताची खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेली होती. ज्या धरणानं शेत घेतलं त्याच धरणावर दोघे भाऊ कामाला लागले. धाकटे माती वाहायला, थोरले दगड फोडायला. तिथंच थोरले सुरुंग लावायला शिकले. पहारीनं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. धरण पुरं झालं आणि हाताला काम उरलं नाही, तेव्हा एका मुकादमानं अशी सुरुंगवाली माणसं गोळा करून नागपूरच्याही पलीकडे कोळशाच्या खाणींवर नेली. त्यांत माझे दीर गेले.

गणपतीला आले की जाऊ त्यांना विचारायची, "तितं काय करता वो?"

"धरणावर करत हुतो त्येच," ते म्हणायचे. "भोक पाडायचं, दारू ठासायची. फक्त हितं उनात, तितं सावलीत."

आम्ही सगळे हसायचो. सावलीतलं काम म्हणजे सुखाचंच, असं मला वाटायचं.

घाटात तेव्हा विजेची इंजिनं आली नव्हती. गाडी घाट चढवायला मागून जादा इंजिन लावत, आणि ती इंजिनं कोळसा खायची राक्षसासारखा. हे सांगायचे, वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, उघडल्या की उखळाएवढाले धोंडे निघायचे, काळे आणि चकचकीत. ते घणानं फोडून इंजनावर चढवायचे. त्यामुळे चुरा बेतानंच मिळायचा, आणि बायका एकमेकींशी त्यावरून भांडायच्या.

मग एका वर्षी कोळसा बदलला. हे संध्याकाळी घरी आले ते ओळखू येईनात. पापण्यांच्या आतसुद्धा काळं.

"आज वाघीण उघडली आन् समदं पीठच," ते म्हणाले. "फावडं घातलं की ढग उठतोय. चार हातांवरचा मानूस दिसंना."

एकदा नाही, येणारी प्रत्येक वाघीण तशीच. वर थोडे खडे, खाली निम्म्याहून जास्त भुकटी. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, मूळचं तळेगावचं. घरधनी इंजनावर आगवाला होता आणि त्याच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. तो आगवाला ओट्यावर बसून कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, "भट्टीत फावडं टाकलं की अर्धा चुरा धुराड्यातून वर उडतो, अर्धा जाळीतून खाली गळतो. इंजन वाफ धरायचं कसं? बोगद्यात तर जीव घुसमटतो."

पुरुष असे वैतागलेले, आणि आम्ही बायका खूश. कधी नव्हे तो चुरा हवा तेवढा. जाऊनं पाटीवर पाटी आणून पोती भरली. त्यातलं खालचं इतकं बारीक होतं की देवाच्या कपाळाला लावायच्या बुक्क्यासारखं बोटांना चिकटायचं. मोगरीनं कुटायची गरज नाही, चाळायची गरज नाही. माती-शेणाची सोय होईपर्यंत पोती कोरडी राहावीत म्हणून तिनं ती चुलीच्या वरच्या माळ्यावर चढवून ठेवली. कोरडं ठेवायचं ते सगळं आमच्याकडे तिथंच असायचं, वाल, बियाणं, लसणाच्या जुड्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वैशाखातली सकाळ होती. चुलीवर तवा होता आणि जाऊ भाकऱ्या करत होती. मी अंगणात आदल्या दिवशीचे गोळे उलटत बसले होते. एक पोतं खाली काढायचं होतं. तव्यावरची भाकरी भाजेपर्यंत काढून टाकते म्हणून ती उठली आणि आकडीनं पोतं ओढू लागली, ते मला दारातून दिसत होतं. पोत्याचं बूड उंदरांनी कुरतडलेलं असावं. ते कडेपर्यंत आलं आणि फाटलं. काळा पडदा सुटावा तशी भुकटी वरून खाली आली आणि जमिनीवर न बसता साऱ्या खोलीत फिरली. जाऊ दिसेनाशी झाली. आतून तिचा हसण्याचा आवाज आला.

"आगं बया, सांडली की समदी!"

पुढचं मी पुष्कळदा आठवायचा प्रयत्न केला आहे. ते एका पापणीच्या लवण्यात झालं. भप्प असा आवाज झाला. ओली गोधडी दोघींनी धरून जोरानं झटकावी, तसा. दारातून आगीची एक जीभ बाहेर आली, धुण्याच्या दगडापर्यंत पोचली आणि परत आत गेली. छपराची कौलं हातभर उचलली गेली आणि खडखडत पुन्हा बसली. काही माझ्या पुढ्यात येऊन फुटली. मी तशीच बसून. हातात गोळा तसाच.

धुरातून जाऊ बाहेर आली. चालत आली. दोन्ही हात पुढे धरलेले, आंधळ्यासारखे. भुवया नाहीत, पुढचे केस नाहीत, चेहरा काळा आणि त्यात डोळे पांढरे. हातांची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटून बोटांच्या टोकांशी लोंबत होती. ती माझ्यापाशी थांबली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "तव्यावरची भाकरी जळली का बघ गं."

मला ओरडता आलं नाही. ओरडली ती मावशी. तिनं धावत येऊन रांजणातलं पाणी तिच्यावर ओतलं, स्वतःची धुतलेली चादर भिजवून तिला गुंडाळलं आणि मला गदागदा हलवून म्हणाली, "बसलीस काय अशी? शेडात जा, घरच्यांना बोलव!" मी अनवाणी रूळ ओलांडत पळाले. ह्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. ह्यांनी नंतर सांगितलं की मी फक्त "भाकरी, भाकरी" एवढंच म्हणत होते.

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. चुन्याची निवळी आणि तेल घोटून लावलं, हात फडक्यांनी बांधले. "जगेल," म्हणाले, "पण बोटं पहिल्यासारखी वळणार नाहीत."

दुपारी मी घरात गेले तेव्हा खरी हबकले. चूल आपली शांतपणे जळत होती. चुलीशेजारच्या कोरड्या काटक्यांना धगसुद्धा लागली नव्हती. दांडीवरच्या लुगड्याचे काठ तेवढे करपले होते. पण भिंतींवर, वाशांवर, माळ्याच्या फळ्यांवर काळे खरबरीत पापुद्रे धरले होते, करपलेल्या दुधाची साय भांड्याला धरते तसे. आग आली होती, घरभर फिरली होती आणि कशालाही न थांबता निघून गेली होती. अशी आग मी कधी ऐकलीही नव्हती. ज्या कोळशासाठी मी महिनोन्‌महिने फुंकणी फुंकली, तो नुसत्या वाऱ्यावर पेटला?

हे कुणालाच पटत नव्हतं. गल्लीत कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं रॉकेलचा डबा लपवताहेत. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. त्यानं विचारलं, घरात माणसं कोण कोण? मी सांगितलं. थोरले दीर कुठं असतात? खाणीवर. काय काम करतात?

"सुरुंग लावतात," मी म्हटलं.

हवालदाराचे डोळे एकदम बदलले. त्यानं तांदळाची कणगी पालथी केली, ट्रंक उपसली, परसातली जमीन काठीनं टोचून पाहिली. "दारू कुठं ठेवलीय?" एवढं एकच तो विचारत राहिला. ह्यांना चौकीवर नेऊन दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. काही सापडलं नाही म्हणून सोडलं. पण गल्लीनं ठरवून टाकलं, की खाणीतून चोरून आणलेली सुरुंगाची दारू आमच्या माळ्यावर होती. मावशी सोडली तर कुणी ओट्याची पायरी चढेना. आणि खरं सांगायचं तर दोन-तीन रात्री मलाही झोप लागली नाही. गणपतीत दिरांनी काही आणून ठेवलं असेल तर? मी हळूच माळ्यावर चढून कोपरान्‌कोपरा चाचपला. भुकटीची उरलेली पोती, वाल आणि लसूण, एवढंच हाताला लागलं.

ह्यांनी तार केली होती. आठवड्यानं दीर आले. खांद्यावरची वळकटी त्यांनी उंबऱ्यातच टाकली. बायकोकडे आधी गेलेच नाहीत. भिंतीपाशी थांबले, तिथला काळा पापुद्रा नखानं उचलला आणि बोटांत चुरडला. मग वर वाशांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"माळ्यावर काय हुतं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"काय न्हाई, दादा. शेडातला चुरा. लय बारीक आलाय औंदा."

दीर तिथंच खाली बसले. मी दाराआड उभी होते. जाऊच अंथरुणावरून म्हणाली, "तुमाला ठावं हाय ह्ये काय झालं त्ये. सांगा."

तेव्हा ते बोलले. त्यांचं एवढं बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं, पुढेही नाही.

ते खाणीत गेले तेव्हा कोळसा हातानं काढत. माणूस कुशीवर आडवा होऊन कुदळीनं थराचं बूड कोरायचा, दिवसभर, थोडं थोडं. बूड सुटलं की वरून पाचर ठोकायची, पहार लावायची, की कोळसा आपल्या वजनानं धोंड्यांनी खाली यायचा. सुरुंग लागलाच तर नावाला. मग मालकांना जास्त माल हवा झाला, तोही लवकर. बूड कोरायला दातेरी साखळीचं यंत्र आलं. ते गुरगुरत थरात शिरायचं आणि मागे पिठाचे ढीग टाकायचं. यंत्र नव्हतं तिथं तर कोरायचंच सोडून दिलं. सरळ भोकं पाडायची, दारू ठासायची आणि सगळा थर एका दमात उडवायचा.

"धरणावरचा दगूड टणक. त्यो दारूनं फुटला तरी त्येचं चिरंच व्हायचं," दीर म्हणाले. "कोळसा ठिसूळ. त्येला एवढी दारू म्हंजी जोंधळा जात्यात घातल्यावानी. निम्मं पीठच. त्योच आता वाघिणीतनं हितं येतुया."

"आन् त्ये पीठ पेटतंय?" ह्यांनी विचारलं.

"ढिगात पडलं तर न्हाई पेटत. उडालं की पेटतंय. खांबावर, भिंतीवर, खाली समदीकडं त्ये बसल्यालं असतं. सुरुंगाच्या हादऱ्यानं उडतं, आन् त्याच सुरुंगाचा जाळ त्येला धरतो. मंग जाळ पळतो. मानसाच्या म्होरं पळतो." ते थांबले. "शेजारच्या बोगद्यात झालं. दोन वर्सं झाली. आमी मानसं काढाय गेलो. खांबांवर असंच पापुद्रं हुतं. अगदी असंच."

त्यांनी बोटं लुगड्याच्या फडक्याला पुसली, पण पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

जाऊ टक लावून त्यांच्याकडे बघत होती. भाजली तेव्हा ती रडली नव्हती, जखमा धुताना रडली नव्हती. आता तिचा आवाज फाटला.

"मला धरनासारखंच हाय म्हनून सांगितलंत. सावलीतलं काम म्हनलात."

"सांगून काय केलं असतंस?"

"घास गिळला नसता!" ती ओरडली. "तुमी तितं त्या पिठात वाती लावत हुता, आन् मी हितं गोळं वळत हासत हुते!"

मला त्या क्षणी आगीपेक्षा याचाच धक्का जास्त बसला. इतकी वर्षं हा माणूस गणपतीत आमच्यात बसून मोदक खात होता, आमच्या चेष्टेला हसत होता, आणि आत हे सगळं दाबून ठेवत होता.

दीर महिनाभर राहिले. जाऊला ते आपल्या हातानं भरवायचे, दारात बसून, सगळ्यांना दिसेल असं. त्या काळी असं कुणी करत नसे. बायका तोंडाला पदर लावायच्या. आधी हसू लपवायला, नंतर नंतर डोळे पुसायला. दिरांनीच ह्यांच्याकडून माळ्यावरची उरलेली पोती पाणी मारून मारून खाली उतरवून घेतली आणि अंगणात चिखलात कालवली. गल्लीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी हेच सांगितलं, की भुकटी कोरडी ठेवू नका, चुलीजवळ झटकू नका. काहींनी ऐकलं, काहींनी तोंडावर दार लावलं.

फडकी निघाली तेव्हा जाऊची बोटं आकड्यांसारखी वाकलेली होती. दीर परत निघाले. इथं काम नव्हतं, शेत पाण्याखाली होतं. जाऊ काही बोलली नाही, याचंच मला नवल वाटत होतं. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलायच्या बेतात असताना तिनं पदर खोचला, लुगड्याखाली धरलेलं गाठोडं डब्यात फेकलं आणि स्वतः चढली.

"आगं, कुटं?" दीर घाबरून म्हणाले.

"तुमीच म्हनला न्हवं, तितं बायाबी पाट्या वाहत्यात? मंग मी वाहीन."

"ह्या हातांनी?"

"डोईवर वाहत्यात, हातावर न्हाई."

गाडी सुटली. हे आणि मी फलाटावर तोंड उघडं टाकून उभे. गाडी दिसेनाशी झाली तरी आमचे पाय हलेनात.

त्यानंतर कैक वर्षं भेट नाही. कुणी त्या बाजूचा माणूस आला की खुशाली कळायची, एवढंच. घाटात विजेची इंजिनं आली, लोणावळ्याच्या शेडातला कोळसा कमी झाला, ह्यांना दुसरं काम मिळालं. पुढे बायकांनी खाणीत उतरायचं सरकारनं बंद केलं, तेव्हा ती दोघं परत आली. कार्ल्याला आमच्या सासूबाईंचं माहेर होतं, तिथं त्यांना एक खोली मिळाली. मी भेटायला गेले आणि दारातच थबकले. दीर भिंतीला टेकून बसले होते. बसल्या जागी धापा टाकत होते, घाट चढून आल्यासारख्या. वय काही तितकं नव्हतं.

जाऊ मात्र बोलायला लागली ती पहिल्यासारखीच. मी विचारलं, पाट्या वाहिल्यास का गं खरंच? म्हणाली, थोडे दिवस. मग तिनं मुकादमाशी भांडून दुसरं काम घेतलं. नवरा भोकं ठासायच्या आधी ती घागरी भरभरून नेई आणि भिंती, खांब, जमीन सगळं भिजवून काढी. मुकादम म्हणायचा, वेळ जातो. ही भोकांसमोर फतकल घालून बसायची, भिजवून होईपर्यंत हलायची नाही.

"मी बसल्याव कोन उठवतंय?" ती म्हणाली.

"आणि वात लावायच्या वेळी?"

"वळनाच्या आड. त्येंच्या शेजारी."

"भीती वाटायची नाही?"

"रोजच वाटायची. पलीकडच्या बोगद्यात पुन्यांदा एकदा झालं. आमच्यात न्हाई झालं. पान्यानं का नशिबानं, द्येव जाणं."

आम्ही दिरांना वडगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. खोकून दाखवा म्हणाले. जे पडलं ते काळं होतं. खाण सोडून वर्ष होत आलं होतं, तरी काळं. मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, पण देताना आमच्याकडे बघितलं नाही. मग त्यांनी जाऊला विचारलं, "तुम्हीही होता का खाली?"

"व्हय. बरीच वर्सं."

"या, बसा इथं," ते म्हणाले आणि नळी तिच्या पाठीला लावली. मी समोर उभी होते. आमच्या जावेचा भरदार श्वास मला पाठ होता. डॉक्टर ऐकत राहिले, नळी सरकवत राहिले, आणि ती त्यांच्या तोंडाकडे वळून वळून बघत होती, काहीतरी विनोद सुचल्यासारखी.

दीर त्या पावसाळ्यातच गेले. जाऊ आमच्याकडे लोणावळ्याला राहायला आली आणि आणखी सहा-सात वर्षं जगली. स्टेशनाच्या पुलाचा जिना चढताना ती मध्येच थांबायची. मी हात द्यायला गेले की म्हणायची, "हो म्होरं. मी येते दमादमानं."